दांडा पुढे, बोट मागे: केबल फिरवायची की पंखा बदलायचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तुमच्या शिडाच्या बोटीत जुनं ॲटॉमिक फोर पेट्रोल इंजिन होतं, थेट शाफ्टला जोडलेलं, मध्ये रिडक्शन (फेरे कमी करणारी दातेचक्रं) नाही. ते काढून तुम्ही तीन सिलिंडरचं नवं डिझेल बसवलं. गिअरबॉक्स इंजिनाबरोबरच आला. शाफ्ट आणि पाण्यातला पंखा (प्रोपेलर) मात्र जुनाच ठेवला. बोट पाण्यात उतरवून गिअरचा दांडा पुढे ढकलला, तर बोट मागे निघाली. आता तुमच्याकडे तीन सल्ले आहेत. एक जण म्हणतो केबल उलटी जोडा, काम झालं. दुसरा म्हणतो तसं केलंत तर गिअरबॉक्स जळेल. तिसरा म्हणतो पंखा काढून उलट्या तोंडाने बसवा.

बोट पुढे जाणार की मागे, हे तीन जागी ठरतं: दांड्याची केबल गिअरबॉक्सला कुठल्या बाजूला ओढते, आतला कुठला क्लच धरला जातो, आणि पंख्याची पाती कुठल्या हाताची, म्हणजे उजव्या की डाव्या वळणाची, आहेत. यातलं एक उलटं केलं की बोट उलटी जाते, दोन उलटी केली की पुन्हा सरळ जाते. म्हणून केबल फिरवल्यावर बोट पुढे जाईल, यात शंका नाही. पण पुढे तासन्तास इंजिनावर जाताना भार गिअरबॉक्सच्या कुठल्या बाजूवर येणार, ती बाजू त्यासाठी बनवलेली आहे का, आणि हा पंखा नव्या शाफ्टच्या वेगाला जुळतो का, हे खरे प्रश्न आहेत. यातला तिसरा प्रश्न तुम्हाला कोणीच विचारलेला दिसत नाही, आणि तुमच्या बाबतीत निकाल त्यावरच लागतो.

तिसरा सल्ला आधी बाजूला काढू. उजव्या आट्याचा नट कुठल्याही तोंडाने बोल्टवर चढवा, तो उजव्या आट्याचाच राहतो. पंख्याचंही तसंच आहे. उलटा बसवल्याने त्याचा हात बदलत नाही. फक्त पात्याची चुकीची कड पुढे येते आणि पंखा धड पुढेही ओढत नाही, धड मागेही. शिवाय शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि पंख्याचं भोकही त्याच उताराचं असतं, त्यामुळे तो उलटा नीट बसणारच नाही.

पंखा कुठल्या हाताचा आहे ते तुम्ही स्वतः पाहा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका. बुंध्यावर बहुधा व्यास आणि पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढं अंतर पुढे कापू पाहतो ते) कोरलेले असतात आणि शेजारी ‘आर’ किंवा ‘एल’ असं रोमन अक्षर असतं. ते झिजलं असेल तर पंखा टेबलावर आडवा ठेवा, म्हणजे शाफ्टचं भोक वरखाली राहील. तुमच्या समोरचं पातं पाहा. त्याची उजवी कड वर चढलेली असेल तर पंखा उजव्या हाताचा, डावी कड वर असेल तर डाव्या हाताचा. पंखा पालथा केला तरी उत्तर तेच येतं. बोट वर काढलेली असेल तर मागे उभं राहून नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करा. उजव्या हाताच्या पंख्यात सगळ्यात वरच्या पात्याची उजवी कड तुमच्यापासून लांब, बोटीच्या बाजूला असते. असा पंखा पुढे जाताना मागून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो.

‘मागून पाहिल्यावर’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. या विषयातले निम्मे वाद पाहणारा कुठे उभा आहे यावरून होतात. मेकॅनिक केबिनमध्ये, इंजिनापुढे बसलेला असतो, त्याचं तोंड मागे असतं. त्याला शाफ्ट काट्यांच्या उलट फिरताना दिसतो, तर बाहेर मागे उभ्या असलेल्या माणसाला तोच शाफ्ट काट्यांसारखा फिरताना दिसतो. दोघेही खरं बोलत असतात. म्हणून दिशा लिहून ठेवताना ती नेहमी मागून नाळेकडे पाहत लिहायची.

आता तुमच्या बोटीत काय झालं ते पाहा. बोटींमधल्या बहुतेक छोट्या डिझेल इंजिनांचा क्रँकशाफ्ट मागून पाहिल्यावर काट्यांच्या उलट फिरतो. त्याला जोडलेल्या दोन शाफ्टच्या गिअरबॉक्समध्ये पुढच्या गिअरला एक दातेचक्र दुसऱ्याला सरळ भिडतं, म्हणून दिशा एकदा उलटते. बाहेर येणारा शाफ्ट काट्यांसारखा फिरतो आणि त्याला उजव्या हाताचा पंखा लागतो. थेट शाफ्टच्या ॲटॉमिक फोरला मात्र डाव्या हाताचा पंखा असतो. तुम्ही जुना पंखा ठेवलात, म्हणजे नव्या गिअरबॉक्सच्या पुढच्या गिअरला तो मागे ढकलणारच. बसवण्यात कोणाची चूक झाली असं मला वाटत नाही. इंजिन बदलताना पंख्याचा विचार राहून गेला, एवढंच.

तरीही अंदाजावर थांबू नका, खात्री करून घ्या. बोट पुढून आणि मागून, दोन्हीकडून दोरांनी घट्ट बांधा. इंजिन बंद असताना कपलिंगवर (गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या जोडावर) खडूने किंवा पांढऱ्या रंगाने एक जाड रेघ मारा. गिअरबॉक्सवरच्या छोट्या लिव्हरपासून केबल सोडवा. आता इंजिन सर्वांत कमी वेगावर चालू करा आणि तो लिव्हर हाताने एका बाजूला पूर्ण सरकवा. सैल बाही, लोंबणारी दोरी, मोकळे केस यांतलं काहीही शाफ्टच्या जवळ नको. रेघ कुठल्या बाजूला फिरते आणि पाण्याचा झोत मागे जातो की पुढे, दोन्ही लिहून ठेवा. मग न्यूट्रलला आणून क्षणभर थांबा आणि दुसरी बाजू पाहा. केबल सोडलेली असल्यामुळे वरच्या दांड्याचा आणि तारेचा प्रश्न या परीक्षेत येतच नाही. जे दिसतं ते फक्त गिअरबॉक्सचं आणि पंख्याचं.

यापुढचं सगळं तुमचा गिअरबॉक्स कुठला यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून मला जरा फोड करूनच सांगावं लागेल.

दोन शाफ्टच्या मेकॅनिकल गिअरबॉक्समध्ये एका दिशेला दातेचक्रं सरळ भिडतात आणि दुसऱ्या दिशेला मध्ये एक जादा चक्र येतं. बहुतेक वेळा पुढच्या दिशेला सरळ जोडी असते आणि मागच्या दिशेला मधलं चक्र. अनेकदा दोन्ही दिशांचं गुणोत्तरही (इंजिनाच्या किती फेऱ्यांना शाफ्टचा एक फेरा) वेगळं असतं. यानमार कंपनीच्या केएम२पी गिअरबॉक्सचं उदाहरण घ्या. त्यात पुढचं गुणोत्तर २.२१, २.६२ किंवा ३.२२ यांपैकी एक असतं, पण मागचं तिन्हींत ३.०६ असतं. समजा तुमचं पुढचं २.६२ आहे. इंजिन ३००० फेऱ्यांवर असताना पुढच्या गिअरला शाफ्ट मिनिटाला सुमारे ११४५ फेरे घेतो, आणि रिव्हर्सला ९८०. केबल उलटी जोडून तुम्ही कायम रिव्हर्सच्या गिअरवर पुढे जाऊ लागलात, तर पंख्याचा वेग सातव्या हिश्श्याने कमी होतो. इंजिनाच्या कागदांवरून पंखा निवडणारा माणूस २.६२ धरून हिशोब करेल, आणि तो पंखा तुमच्या बोटीला हलका पडेल.

हुर्थ कंपनीचे एचबीडब्ल्यू गिअरबॉक्स आणि त्यांचे पुढचे वंशज, म्हणजे झेडएफचे एम मालिकेतले गिअरबॉक्स, यांचं जरा वेगळं आहे. त्यांच्या पुस्तिकेत लिव्हरच्या दोन टोकांना पुढे-मागे असं न म्हणता ‘ए’ आणि ‘बी’ म्हटलेलं असतं. इंजिन कुठे फिरतं आणि पंखा कुठल्या हाताचा आहे, यावरून पुढे जायला कुठलं टोक वापरायचं ते तिथेच दिलेलं असतं. अशा गिअरबॉक्सवर डाव्या हाताचा पंखा ठेवून केबलची बाजू बदलणं हा अधिकृत मार्ग आहे, जुगाड नव्हे. फक्त गिअरबॉक्सवरच्या पट्टीवर दोन्ही बाजूंचं गुणोत्तर काय लिहिलंय ते आधी वाचा.

ग्रहमालिका पद्धतीच्या, म्हणजे मधल्या चक्राभोवती छोटी चक्रं असलेल्या, जुन्या गिअरबॉक्सची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. ज्यांत रिव्हर्सला बाहेरून पट्टा आवळला जातो, किंवा बोर्ग वॉर्नरच्या वेल्वेट ड्राइव्ह ७१सी, ७२सी सारखे हायड्रॉलिक गिअरबॉक्स, यांत पुढच्या गिअरला आतला सगळा संच एकसंध फिरतो, चक्रांवर जवळजवळ काहीच झीज नसते. रिव्हर्सला मात्र छोटी चक्रं पूर्ण भाराखाली फिरतात. ती धक्क्याला लागताना किंवा नांगर खेचताना थोडा वेळ वापरण्यासाठी असतात, दिवसभर बोट ओढण्यासाठी नाहीत. इथे केबल उलटी जोडणाऱ्याला थांबवायलाच हवं. वेल्वेट ड्राइव्हमध्ये आणखी एक खोच आहे: तेलाचा पंप इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनुसार बसवावा लागतो आणि त्यासाठी त्याच्यावर बाण असतात. उलट फिरणाऱ्या इंजिनाला तो जुन्याच स्थितीत ठेवला तर दाब तयारच होत नाही.

म्हणजे ‘गिअरबॉक्स जळेल’ म्हणणारा आणि ‘काही होत नाही’ म्हणणारा, दोघेही आपापल्या अनुभवाला धरून बोलत असावेत. त्यांनी हाताळलेले गिअरबॉक्स वेगवेगळे होते.

थ्रस्ट बेअरिंगबद्दल (पंख्याचा ढकलण्याचा जोर झेलणाऱ्या बेअरिंगबद्दल) एक गैरसमज फार ऐकतो, तोही इथेच मिटवू. लोक म्हणतात, रिव्हर्सच्या गिअरवर पुढे गेलात तर बेअरिंगवर उलटा जोर येईल. तसं नसतं. बोट पुढे जात असेल तर पंखा शाफ्टला पुढे, गिअरबॉक्सच्या दिशेने ढकलतो, मग आत कुठलाही क्लच धरलेला असो. पंख्याच्या जोराची दिशा गिअरच्या नावावर ठरत नाही. काळजी करायची ती दातेचक्रांची, क्लचची आणि मधल्या चक्राच्या बेअरिंगची.

आता तो राहिलेला तिसरा प्रश्न. तुमचा जुना पंखा थेट शाफ्टसाठी होता. इंजिनाचे जेवढे फेरे, तेवढेच पंख्याचे. असा पंखा लहान व्यासाचा आणि कमी पिचचा असतो, कारण त्याला खूप वेगाने फिरायचं असतं. नव्या डिझेलला २.६२ चं रिडक्शन असेल तर इंजिन ३४०० वर असताना शाफ्ट १३०० च्या आसपासच फिरेल. लहान पंखा हळू फिरला तर तो पाण्याला पुरेसं ढकलूच शकत नाही. इंजिन गव्हर्नरपर्यंत (कमाल फेरे रोखून धरणाऱ्या यंत्रणेपर्यंत) सहज पोचेल, आवाज भरपूर होईल, पण लाटा आणि वारा तोंडावर असताना बोट जागची हलणार नाही. हा दोष पुढेही असेल आणि मागेही, केबल कशीही जोडा.

म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: पंखा बदला, आणि तो उजव्या हाताचा घ्या. तुम्हाला मोठा पंखा तसाही लागणारच आहे. तो घेताना योग्य हाताचा घेतलात तर गिअरबॉक्स त्याच्या ठरलेल्या पुढच्या गिअरवर चालेल, ठरलेलं गुणोत्तर मिळेल, आणि उद्या दुसऱ्या कोणी इंजिन उघडलं तरी त्याला कोडं पडणार नाही. घेण्याआधी हल (बोटीचा तळ) आणि पात्याच्या टोकामधलं अंतर मोजा. व्यासाच्या किमान १० टक्के मोकळी जागा हवी, १५ टक्के मिळाली तर थरथर बरीच कमी होते. मोठ्या व्यासाला जागाच नसेल तर दोनऐवजी तीन पात्यांचा पंखा घेऊन व्यास थोडा कमी ठेवता येतो. घडीचा (पाती मिटणारा) पंखा घ्यायचा विचार असेल तर मागणी नोंदवताना हात जरूर कळवा.

नवा पंखा बसल्यावर शांत पाण्यात, स्वच्छ हलने, पूर्ण थ्रॉटल देऊन पाहा. इंजिनाने कागदावर लिहिलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत जेमतेम पोचलं पाहिजे. खूप आधीच अडकलं आणि काळा धूर काढू लागलं तर पिच जास्त आहे. एकदम गव्हर्नरवर जाऊन आदळलं आणि बोट मात्र संथ असेल तर पिच कमी आहे.

पंखा बदललात तरी केबलकडे पाहावंच लागेल, कारण माझ्या पाहण्यात गिअरबॉक्स जळण्याचं मोठं कारण चुकीची दिशा हे नाही, अर्धवट लागलेला गिअर हे आहे. एका बोटीचा गिअरबॉक्स उघडला होता. मालकाची तक्रार एवढीच होती की फेरे वाढतात पण बोटीचा वेग वाढत नाही. डिपस्टिक काढताच जळकट वास आला, तेल काळंभोर झालेलं. आत पुढच्या बाजूच्या क्लचचा कोन (शंकूच्या आकाराचा भाग) घासून गुळगुळीत, चकचकीत झाला होता, आणि मागच्या बाजूच्या कोनावर कारखान्यातल्या बारीक रेघा अजून दिसत होत्या. वरचा दांडा पुढे पूर्ण जात होता, पण खाली केबलचा क्लॅम्प एका भोकाने सरकलेला होता. त्यामुळे गिअरबॉक्सचा लिव्हर मागे पूर्ण जायचा आणि पुढे थोडा अलीकडेच थांबायचा. त्या थोड्याशा कमी पडलेल्या अंतराने क्लच कायम घसरत राहिला.

तपासायची रीत सोपी आहे. न्यूट्रलला केबल लिव्हरशी काटकोनात आली पाहिजे. झेडएफच्या मेकॅनिकल गिअरबॉक्समध्ये न्यूट्रलपासून प्रत्येक टोकापर्यंत, लिव्हरच्या बाहेरच्या भोकाशी मोजलेलं अंतर किमान ३५ मिलिमीटर हवं, आतल्या भोकाशी ३०. जास्त झालं तरी चालतं, कमी चालत नाही. इंजिन बंद ठेवून वरचा दांडा पुढे पूर्ण ढकला. मग खाली जाऊन केबलची पिन काढा आणि लिव्हर हाताने आणखी पुढे जातो का पाहा. जात असेल तर केबल कमी पडतेय. हेच मागच्या बाजूला करा. आणि एक कळकळीची विनंती: या गिअरबॉक्सच्या लिव्हरखाली एक झाकणपट्टी असते, तिचे स्क्रू सैल करू नका. दोन्ही बाजूंचं अंतर समान राहावं म्हणून ती कारखान्यातच बसवलेली असते. ती हलली की वर कितीही जुळवाजुळव केली तरी एक बाजू कमीच पडते.

तुमचा गिअरबॉक्स दोन्ही दिशा मानणारा निघाला आणि नवा पंखा येईपर्यंत तात्पुरती केबल उलटवायची असेल, तर ती कुठे उलटवायची हेही सांगतो. लिव्हर ज्या कण्यावर (दांडीवर) फिरतो त्याच्या वर उभा असेल तर तो काढून खाली तोंड करून बसवता येतो. केबलची तीच ढकल मग उलटी लागू होते. काही कंट्रोलमध्ये वरच्या बाजूलाच केबल चाकाच्या दुसऱ्या टोकाला जोडायची सोय असते, आणि जागा असेल तर मी तीच पसंत करतो, कारण इंजिनाजवळचा केबलचा वळसा बिघडत नाही. पण ‘दांडा मागे म्हणजे बोट पुढे, आम्ही लक्षात ठेवू’ असं करून एक दिवसही बोट बाहेर काढू नका. धक्क्याजवळ घाईच्या क्षणी हात सवयीने पुढे जातो, आणि त्या क्षणी सुकाणूवर तुम्हीच असाल असंही नाही.

पंख्याचा हात बदलल्यावर बोटीची चालही बदलेल, ते लक्षात ठेवा. डाव्या हाताचा पंखा रिव्हर्सला बोटीचा मागचा भाग उजवीकडे सरकवतो, उजव्या हाताचा डावीकडे. पुढे जाताना हे फारसं जाणवत नाही, कारण झोत सुकाणूवर पडतो आणि ते लगेच सावरून घेतं. रिव्हर्सला झोत पुढे हलखाली जातो, सुकाणूवर पाणी येत नाही, आणि बोटीला वेग येईपर्यंत पंखाच ठरवतो मागचा भाग कुठे जाणार. तुम्ही इतकी वर्षं उजवी बाजू धक्क्याला लावत असाल, तर नव्या पंख्याने डावी बाजू लावणं सोपं जाईल. धक्क्याला जाण्याआधी मोकळ्या पाण्यात हे करून पाहा: बोट पूर्ण थांबवा, सुकाणू मध्ये ठेवा, रिव्हर्स टाका आणि मागचा भाग किती सरकतो ते डोळ्यांत बसवून घ्या.

शिडावर जाताना, इंजिन बंद असताना, गिअर कुठे ठेवायचा हेही तुम्ही शेवटी विचारलंय. पुढच्या गिअरमध्ये कधीच नाही. पाण्याने पंखा फिरत राहतो आणि मेकॅनिकल क्लच घसरून झिजतो. यानमार न्यूट्रल ठेवायला सांगते. काही गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला ठेवून शाफ्ट अडवायची परवानगी असते, पण ती पुस्तिकेत लिहिलेली असेल तरच तसं करा.

आता तुमच्याकडून मला चार गोष्टी हव्यात: गिअरबॉक्सच्या पट्टीवरचं मॉडेल आणि दोन्ही गुणोत्तरं, इंजिनाची कमाल शक्ती आणि त्या वेळचे फेरे, बोटीची पाणरेषेवरची लांबी आणि वजन, आणि शाफ्टच्या मध्यापासून हलपर्यंतचं अंतर. शाफ्टची जाडी आणि टोकाचा उतारही मोजलात तर उत्तम. एवढं कळवलंत की व्यास आणि पिच साधारण किती असावा ते काढून देतो, म्हणजे पंखा बनवणाऱ्याशी बोलताना तुमच्या हातात आकडे असतील.